बर्फाच्या पाईपातून वीज: स्की रिसॉर्टची नळयोजना उन्हाळ्यात काय करू शकते?

कृत्रिम बर्फ पाडायला पाणी आणि थंड हवा लागते, हे कुणीही सांगेल. तिसरी गोष्ट लागते ती दाब, आणि खरा खर्च तिथेच होतो. गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेतल्या स्की रिसॉर्टनी डोंगरांच्या माथ्यांवर तळी खोदली, उतारांच्या पोटात किलोमीटर-किलोमीटर लांबीचे मजबूत पाईप पुरले, पंपघरं उभी केली. हा सगळा पसारा हिवाळ्याच्या तोंडावर काही आठवडे जोरात चालतो, पुढे अधूनमधून लागतो आणि उरलेलं वर्ष पडून असतो. आता असं बघा: वर पाणी, खाली दरी आणि मधे प्रचंड दाब सोसणारा पाईप. जलविद्युत केंद्राला जे लागतं त्यातलं निम्म्याहून अधिक सामान आधीच जागेवर आहे. मग त्यातून वीज काढावी का? आणि त्याच्यापुढचा प्रश्न, त्यात वीज साठवता येईल का?

ठाण्यात बसून हे समजून घ्यायला बर्फ बघितलेला असण्याची गरज नाही. याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाजवळ, सह्याद्रीच्या कड्याखाली घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. तिथे हेच तत्त्व २५० मेगावॉटच्या आकारात वापरलं जातं. त्यामुळे स्की परदेशी असली तरी त्यामागची नळजोडणी आपल्या ओळखीची आहे.

बर्फाची बंदूक

गोष्ट १९५० सालच्या मार्चची. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची हे तिघे स्की तयार करण्याचा धंदा करत होते. त्या हिवाळ्यात बर्फच पडला नाही, म्हणजे गिऱ्हाईकही नाही. त्यांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर, एक नोझल आणि बागेला पाणी घालायची रबरी नळी जोडून थंड रात्री पाण्याचा फवारा उडवला आणि खाली बर्फ साचला. आजची यंत्रं कितीतरी सुधारलेली आहेत, पण आत तेच चालतं. दाबाखालचं पाणी बारीक थेंबांत फोडायचं, ते हवेत उंच फेकायचं आणि जमिनीवर पडेपर्यंत गोठू द्यायचं.

यात एक गंमत आहे. नुसतं तापमान पाहून चालत नाही, हवा किती कोरडी आहे हेही पाहावं लागतं. कोरड्या हवेत थेंबाच्या पृष्ठभागावरून थोडं पाणी उडून जातं आणि जाताना उरलेल्या थेंबातली उष्णता घेऊन जातं. म्हणून यंत्रचालक साध्या तापमानाऐवजी आर्द्रतेचा हिशेब धरलेलं ‘वेट बल्ब’ तापमान बघतात. ते साधारण उणे २ अंशांच्या खाली गेलं की यंत्रं सुरू होतात. अशा थंड रात्री हंगामाच्या सुरुवातीला मोजक्याच मिळतात. मिळाल्या की सगळ्या उतारांवरच्या सगळ्या बंदुका, म्हणजे ही फवारा उडवणारी यंत्रं, एकदम चालवायच्या असतात, आणि म्हणूनच पंप, पाईप आणि तळी इतकी मोठी ठेवावी लागतात. वर्षाची सरासरी गरज किती, याला इथे फार अर्थ नाही. त्या चार रात्रींची गरज किती, यावर सगळं बांधकाम ठरतं.

पाणीही भरपूर लागतं. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्यापासून सुमारे दोन ते अडीच घनमीटर बर्फ होतो. एक हेक्टर उतारावर ३० सेंटीमीटरचा थर द्यायचा तर हजार-दीड हजार घनमीटर पाणी गेलं. इटलीत सुमारे ९० टक्के स्की उतारांना कृत्रिम बर्फाची सोय आहे, ऑस्ट्रियात ७० टक्क्यांच्या वर, स्वित्झर्लंडमध्ये साधारण निम्म्यांना. ऑस्ट्रियातल्या सोल्डेनला तर समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरहून उंच जागी सुमारे ४ लाख घनमीटरचं तळं केवळ बर्फासाठी बांधलेलं आहे.

उंचीचा हिशेब

पुढचं सगळं एका आकड्यावर उभं आहे. हजार लिटर पाणी ३६७ मीटर खाली आलं की त्यातून एक युनिट वीज मिळू शकते. ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात पाईपातलं घर्षण, टर्बाइन आणि जनरेटर मिळून पंधरा-वीस टक्के खातात. पण ३६७ लक्षात ठेवला तर कुठल्याही धरणाची, तळ्याची किंवा टाकीची ऊर्जा तुम्ही पाकिटाच्या मागच्या बाजूला काढू शकता.

सोसायटीच्या टाकीवरच करून बघू. घोडबंदर रोडवरचा वीस-बावीस मजली टॉवर, गच्चीवर ५० हजार लिटरची टाकी, खालच्या टाकीपासून उंची ७० मीटर. पन्नास घनमीटर गुणिले ७० भागिले ३६७ म्हणजे साडेनऊ युनिट. ती भरलेली टाकी म्हणजे तांत्रिकदृष्ट्या खरोखरच एक बॅटरी आहे. पण तिच्यातलं सगळं पाणी टर्बाइनमधून खाली सोडलं तर हातात येतील जेमतेम आठ युनिट. त्यावर दोन एसीही रात्रभर चालणार नाहीत. गच्चीवरच्या टाकीतून वीज करण्याचे व्हिडिओ मधूनमधून फिरत असतात, त्यांच्याकडे पाहताना हा भागाकार आठवावा.

आता तोच हिशेब डोंगरावर मांडा. एक लाख घनमीटरचं मध्यम आकाराचं तळं आणि ५०० मीटरचा उतार. एक लाख गुणिले ५०० भागिले ३६७, म्हणजे १ लाख ३६ हजार युनिट. नुकसान वजा जाता १ लाख १५ हजारांच्या आसपास. महिन्याला २०० युनिट वापरणारं घर धरलं तर पावणेसहाशे घरांची महिन्याची वीज झाली. टाकीच्या दोन हजार पट पाणी आणि सात पट उंची, दोन्ही गुणाकारात येतात. एवढाच फरक, पण तो सगळं बदलतो.

उंचीमुळे दाबही येतो. बार हे दाबाचं एकक. दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे ५०० मीटरला ५० बार. टॉवरमध्ये खालच्या मजल्यांच्या नळांना जास्त दाब जाऊ नये म्हणून प्लंबर पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, बसवतो. चार-पाच बार झाले की प्लंबर गडबडतो. बर्फाचे पाईप मुळातच याच्या दहापट दाबासाठी टाकलेले असतात. कुठल्याही लहान जलविद्युत प्रकल्पात हा दाबवाहिनीचा खर्च फार मोठा असतो. डोंगर खोदायचा, जड पाईप वर न्यायचे, जोड द्यायचे, वर माती टाकायची. स्की रिसॉर्टमध्ये हा खर्च बर्फाच्या खात्यावर कधीच टाकून झालेला आहे. या कल्पनेत जीव आहे तो एवढ्यामुळेच.

पाईप तोच, पाणी उलटं

पाईप असला तरी वीज आपोआप येत नाही, खाली टर्बाइन बसवावं लागतं. जास्त उंची आणि कमी पाणी असेल तिथे पेल्टन चाक वापरतात. लेस्टर पेल्टन या अमेरिकी माणसाने १८८० साली त्याचं पेटंट घेतलं. चाकाच्या कडेला दुहेरी वाट्या असतात आणि नोझलमधून सुटलेली पाण्याची धार त्यांवर आदळते. ५०० मीटर खाली आलेलं पाणी नोझलमधून ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने सुटतं. हे चाक आपल्याला नवं नाही. खंडाळ्याच्या घाटाखाली, खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं ते पेल्टन चाकांवरच, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. लोणावळ्याच्या बाजूची तळी वर, कोकण खाली, मधे सुमारे ५०० मीटरचा कडा. आल्प्समधल्या कुठल्याही स्की रिसॉर्टने हेवा करावा असा.

एक प्रश्न हमखास येतो: आहे तोच पंप उलटा फिरवला तर टर्बाइन होणार नाही का? होतो. उलटा फिरणारा पंप टर्बाइनचं काम करतो आणि स्वस्तही पडतो. पण बर्फाचे पंप अनेक टप्प्यांचे असतात, त्यांच्या पुढे पाणी मागे येऊ नये म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह असतात, आणि पाण्याचा प्रवाह कमी-जास्त झाला की उलट्या पंपाची कार्यक्षमता पार कोसळते. त्यामुळे पंपघराच्या शेजारी एक फाटा काढून स्वतंत्र टर्बाइन बसवणंच बहुधा शहाणपणाचं ठरतं. शिवाय ग्रिड अचानक गेलं आणि पाणी झटक्यात अडवलं तर पाईपात दाबाचा हातोडा बसतो. दोन-तीन किलोमीटरचा पाण्याचा स्तंभ धावता धावता भिंतीवर आपटणं, ही काही किरकोळ बाब नाही. पेल्टनमध्ये यावर छान उतारा आहे. धारेच्या आड एक पत्रा येतो आणि धार चाकावरून बाजूला वळवतो, मग व्हॉल्व्ह सावकाश बंद करता येतो.

प्रत्यक्षात कुणी केलंय? अमेरिकेत कोलोरॅडोतल्या स्नोमास इथे ॲस्पेन स्कीइंग कंपनीने २००४ साली बर्फाचंच तळं आणि बर्फाचाच पाईप वापरून ११५ किलोवॉटचं छोटं केंद्र उभारलं. उतार सुमारे ८०० फूट, म्हणजे २४० मीटरच्या आसपास. आपल्या हिशेबात हे उलटं घातलं तर सेकंदाला साठेक लिटर पाणी लागतं असं दिसतं. अगदी किरकोळ ओढ्याचं पाणी. फ्रान्समध्ये ब्रियांसॉनजवळच्या सेर शेवालिए या रिसॉर्टनेही बर्फाच्या पाईपजाळ्यातून जलविद्युत काढली, जोडीला सौर पॅनल आणि लहान पवनचक्क्या लावल्या, आणि आपल्या गरजेच्या ३० टक्के वीज स्वतः करायचं उद्दिष्ट ठेवलं.

११५ किलोवॉट ऐकून हसू येऊ शकतं. पण लहान केंद्र वाईट नसतं. ते कुठल्या खर्चावर उभं आहे ते पाहावं लागतं, आणि इथे पाईप व तळं फुकटात मिळालेलं आहे.

एकाच पाण्याकडून दोन कामं करून घेण्याची ही पद्धत आपल्याकडे शंभर वर्षं जुनी आहे, फक्त आपण तिला काही खास नाव दिलेलं नाही. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी कड्यावरून भिवपुरीच्या वीजकेंद्रात उतरतं आणि तिथून उल्हास नदीला मिळतं. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण ते ठाण्याच्या काही भागापर्यंत उल्हासचं पाणी नळाला येतं. भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचं केंद्र आहे, आणि तेच पाणी पुढे पिसे इथे उचलून शहरांकडे पाठवलं जातं. नवी मुंबईने मोरबे धरणावर तरंगती सौर पॅनलं आणि छोटी जलविद्युत करण्याचा विचार मांडला होता. मोरब्याची पुरवठा क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.२ घनमीटर. समजा त्याला ३० मीटरचा उतार मिळाला, तर सव्वा मेगावॉटच्या आसपास वीज होईल. स्नोमासला पाणी थेंबभर पण उंची भरपूर, मोरब्याला उंची बेताची पण पाणी दणकून. गुणाकारात दोन्ही चालतं.

आता साठवणुकीचं बोलू

इथून पुढे मात्र उत्साहाला थोडी वेसण घालावी लागते.

वीज साठवायची का, हे आधी. दुपारी सौर वीज इतकी येते की युरोपात वसंत-उन्हाळ्यातल्या काही दुपारी घाऊक बाजारातला दर शून्याच्याही खाली जातो. सूर्य मावळतो तेव्हा लोक घरी येतात, दिवे-शेगड्या-गाड्यांचे चार्जर लागतात आणि वीज महाग होते. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं, याला आपल्याकडे उदंचन जलविद्युत म्हणतात. घाटघरला १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत. वरचं धरण अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, खालचं आपल्या शहापुरात, मधे सुमारे ४०० मीटरचा कडा. भिऱ्याला टाटांचा १५० मेगावॉटचा असाच संच आहे. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी भिवपुरी इथे १,००० आणि शिरवटा इथे १,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी करार केला. सौर वीज वाढली तसा सह्याद्रीच्या कड्याचा भाव वाढला.

मग स्की रिसॉर्टमध्ये पंपही आहे, तळंही आहे, टर्बाइनही बसवू, झाली बॅटरी. कागदावर झालीच. आकडे घालून बघू.

बर्फाचा मुख्य पाईप धरा ३०० मिलिमीटर व्यासाचा. त्यातून सेकंदाला दोन मीटर वेगाने पाणी सोडलं तर सेकंदाला १४० लिटर. ५०० मीटरच्या उतारावर सगळं नुकसान धरून सुमारे ५५० किलोवॉट. संध्याकाळचे चार तास चालवलं तर २,२०० युनिट, आणि त्यासाठी पाणी लागलं दोन हजार घनमीटर. म्हणजे आपल्या एक लाख घनमीटरच्या तळ्यातलं फक्त २ टक्के. त्या पाईपातून अख्खं तळं रिकामं करायला आठ दिवस लागतात! तळं कितीही मोठं बांधा, वीज किती वेगाने बाहेर येणार हे पाईप ठरवतो.

वेग वाढवू म्हणाल, तर घर्षण वेगाच्या वर्गाने वाढतं. अडीच किलोमीटरच्या अशा पाईपात सेकंदाला दोन मीटर वेगाला ५०० पैकी पंचवीस-तीस मीटर उंची घर्षणात जाते. वेग दुप्पट केला की शंभराहून जास्त. पाचवा हिस्सा पाईप गरम करण्यात गेला.

आणि २,२०० युनिट म्हणजे किती? घाटघरचे दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर तेवढी वीज अर्ध्या मिनिटात होते. आजकाल एका वीस फुटी कंटेनरमध्ये मावणाऱ्या लिथियम बॅटरीत तीन ते पाच हजार युनिट साठतात. ट्रकवरून आणायची, काँक्रीटच्या ओट्यावर ठेवायची, जोडायची. शिवाय तिच्यात घातलेल्या १०० युनिटांपैकी पंचाऐंशी-नव्वद परत येतात. घाटघरसारख्या खास बांधलेल्या प्रकल्पात सत्तर ते ऐंशी. बर्फाच्या पंपांची कार्यक्षमता सत्तर-पंच्याहत्तर टक्के, पाईपात जाताना नुकसान, येताना पुन्हा नुकसान, टर्बाइनमध्ये थोडं. सगळे गुणाकार केले तर १०० घालून पंचावन्न-साठ परत.

खाली पाणी झेलायलाही जागा हवी. बर्फाची व्यवस्था वरून खाली पाणी परत आणायला बांधलेलीच नसते; तिथलं पाणी बर्फ होऊन उतारावर पडतं आणि वसंतात वितळून ओढ्याला मिळतं. खालचं तळं नसेल तर ते वेगळं खोदा.

म्हणून माझं मत असं: पंपाने पाणी वर नेऊन परत खाली सोडायची बॅटरी, हा या कल्पनेतला सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात कमकुवत भाग आहे. वाहत्या पाण्यावर वीज करणं हा त्याहून साधा आणि कितीतरी भक्कम भाग आहे.

पण साठवणुकीचे आणखी दोन प्रकार आहेत, ज्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पहिला प्रकार: पंपच लावायचा नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळतो, ओढे भरून वाहतात. तळं ओढ्याच्या पाण्याने दिवसभर भरू द्यायचं आणि टर्बाइन फक्त संध्याकाळी, दर चढला की चालवायचं. पाणी चढवायला एकही युनिट खर्ची पडलेलं नाही, त्यामुळे साठ टक्के-सत्तर टक्के हा वाद उद्भवतच नाही. फक्त वाट पाहायची. धरणं हेच करतात. अट एवढीच की तळ्याच्या वर पाणी येईल असं क्षेत्र हवं. अगदी शिखराजवळ बांधलेल्या तळ्यांना ते नसतं, ती पंपानेच भरतात, आणि तिथे हा मार्ग बंद होतो.

दुसऱ्या प्रकाराला टर्बाइनही लागत नाही. बर्फ करायला पाणी वर चढवायचंच आहे, तर ते वीज स्वस्त असताना चढवा. वरचं तळं दुपारी किंवा वारा जोरात असलेल्या रात्री भरून ठेवा, मग थंडी पडली की खालच्या उतारांवरच्या बंदुकांना पाणी स्वतःच्याच उंचीच्या दाबाने मिळतं. महागड्या वेळी पंप लावावा लागत नाही. ग्रिडच्या दृष्टीने टाळलेलं युनिट आणि तयार केलेलं युनिट सारखंच. हे तर सोसायटीतही आज करता येतं. महावितरण वेळेनुसार दर लावणाऱ्या मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत देतं. सोसायटीच्या पंपाला कुठला दर लागतो ते बिलावर पाहून घ्यावं, आणि गच्चीवर सौर पॅनल असतील तर पहाटेऐवजी दुपारी टाकी भरायला वॉचमनला सांगणं एवढाच भांडवली खर्च आहे.

पाणी कुणाचं?

तंत्र जमलं तरी पाण्याचा तंटा उरतो. बर्फासाठी ओढ्यातून पाणी घ्यायची परवानगी असते, ती वीज करायला चालत नाही, वेगळी घ्यावी लागते. ओढ्यात माशांसाठी किमान प्रवाह सोडावाच लागतो. आणि हंगामांचं गणित नेमकं उलटं बसतं: आल्प्समध्ये विजेची खरी ओढ हिवाळ्यात असते, तेव्हाच तळ्यातलं पाणी बर्फाला हवं असतं. नोव्हेंबरमध्ये तळं भरलेलं नसेल तर डिसेंबरचा धंदा गेला. त्यामुळे वीज करायची ती मे ते सप्टेंबर, आणि शरदात गुपचूप तळं भरायचं. रिसॉर्टचा मालक विजेच्या चार पैशांसाठी बर्फाचा धोका कधीही पत्करणार नाही, आणि त्याच्या जागी कुणीही पत्करणार नाही.

फ्रान्समध्ये ला क्लूझा या गावात बर्फासाठी आणखी एक तळं बांधायचं ठरलं, सुमारे दीड लाख घनमीटरचं. जंगल आणि पाणथळ जागा वाचवायला आंदोलक तिथे जाऊन बसले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. असं तळं ‘आम्ही त्यातून हरित वीजही करू’ असं म्हणून पुढे रेटलं जाण्याची शक्यता मला खरी वाटते. आधीच खोदलेल्या तळ्याला टर्बाइन जोडणं वेगळं आणि नवं तळं खोदायला टर्बाइनचं निमित्त करणं वेगळं.

त्यात हवामान बदलतंय. युरोपातल्या दोन हजारांहून जास्त स्की रिसॉर्टचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीचं तापमान २ अंशांनी वाढलं आणि कृत्रिम बर्फ नसला, तर त्यांतल्या ५३ टक्के रिसॉर्टना बर्फटंचाईचा अति मोठा धोका आहे असं त्यात निघालं. ४ अंशांना ९८ टक्के. कृत्रिम बर्फ वापरला तर हे आकडे खाली येतात, पण शून्य होत नाहीत. म्हणजे पुढच्या काही दशकांत कित्येक डोंगरांवर असे पाईप आणि तळी उरतील, ज्यांच्या वरच्या उतारावर स्की करायला कुणी येणार नाही. तिथे वीज हा जोडधंदा न राहता मुख्य धंदा होऊ शकतो. ते पाईप उपटून काढण्यापेक्षा बरं.

भारतात करता येईल का? स्की आणि कृत्रिम बर्फ म्हटलं की आपल्याकडे नाव येतं ते उत्तराखंडातल्या औलीचं. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंग तिथे झालं. बर्फाच्या यंत्रांसाठी वर कृत्रिम तळं आहे, आणि खाली जोशीमठ. दोन्हींच्या उंचीत सुमारे हजार मीटरचा फरक. भागिले ३६७ करा: हजार लिटरला पावणेतीन युनिट. स्नोमासच्या चौपट उतार, घाटघरच्या अडीचपट.

पण ज्या उतारावरून तो पाईप न्यायचा, तो उतारच हलतो आहे. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ सालीच लिहून ठेवलं होतं आणि मोठ्या बांधकामांवर निर्बंध घालायला सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेकडो घरांना तडे गेले, लोकांना हलवावं लागलं, औलीचा रोपवे बंद ठेवावा लागला. अशा जागी माथ्यावरच्या तळ्याचं अस्तर झिरपलं किंवा शंभर बार दाबाच्या पाईपाचा एक सांधा निसटला, तर खाली काय होईल याचा हिशेब ३६७ च्या सूत्रात बसत नाही. औलीचं पाणी बर्फापुरतंच वापरलेलं बरं, आणि तेसुद्धा तळ्याच्या अस्तरावर कुणाचं तरी कायम लक्ष असेल तर.